मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू असताना मर्दानी खेळ: तालमीत नव्यानं येणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात मर्दानी खेळ, म्हणजे काठी-तलवारीचे जुने युद्धखेळ, कुठं शिकवतात हे विचारावं लागत नाही. शिवजयंतीला एखाद्या पेठेत उभं राहायचं आणि हलगी-घुमक्याच्या आवाजाच्या दिशेनं चालायला लागायचं. रिंगण सापडतं. अवघड असतं ते आत पाऊल टाकणं. त्यात खिशात मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी असेल तर "माझ्या हातात तलवार द्यावी का?" हे कुणी विचारायच्या आधी आपणच स्वतःला विचारतो आणि घरी परत येतो. मी अशी दोनदा परत आले. तिसऱ्यांदा थांबले, त्याला आता सात वर्षं होतील. मला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य; त्यावर लिथियमच्या गोळ्या सुरू आहेत. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत हिशेब बघते आणि आठवड्यातून चार संध्याकाळी काठी, फरी-गदका आणि तलवार फिरवते.

खाली लिहिलंय ते मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून वाचा.

आधी डॉक्टर, आणि प्रश्न नीट विचारा

"डॉक्टर, व्यायाम करू का?" असं विचारलंत तर "करा की" एवढंच उत्तर मिळणार. त्यांच्या डोळ्यांसमोर रंकाळा तलावाभोवतीची फेरी असते. मर्दानी खेळ म्हणजे काय ते त्यांना सांगा: तासभर बैठका आणि पवित्रे, हातात लांब काठी किंवा लोखंड, समोर वावभर अंतरावर दुसरा माणूस, मोकळं मैदान, कधी उन्हात तर कधी दिव्याच्या उजेडात. मग तीन गोष्टी विचारा. माझ्या औषधानं हात, तोल किंवा नजर यांत काय फरक पडतो? उकाडा आणि घाम मला किती चालेल? आणि कुठल्या अवस्थेत मी हत्यार हातात घ्यायचंच नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या. आपण बरे असताना लिहिलेला कागद बरे नसताना फार कामाला येतो.

अजून कुठल्याच डॉक्टरांकडे गेला नसाल तर सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा आहे. एवढंही जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फिरवा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही फोन उचलतात आणि मराठीत बोलतात.

औषधं आणि मैदान

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तालमीत याबद्दल कुणी बोलत नाही आणि दवाखान्यात मैदानाबद्दल कुणी बोलत नाही.

लिथियमपासून सुरुवात करते, कारण ते माझं. रक्तातली त्याची पातळी फार अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते, सर्वसाधारणपणे लिटरला ०.६ ते १.० मिलिमोलच्या आसपास. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. एप्रिल-मेच्या घामात दीड तास बैठका मारून अर्धा ग्लास पाणी पिणारा माणूस नकळत हेच करत असतो. दुसरा धोका अंगदुखीच्या गोळीचा. पहिल्या आठवड्यात मांड्या अशा धरतात की जिना उतरताना आई आठवते. मग कुणीतरी प्रेमानं डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देतं. या जातीच्या गोळ्यांनी लिथियमची पातळी वाढते. दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, शेक घ्या, एक दिवस बसा, पण दुसऱ्याच्या खिशातली गोळी घेऊ नका.

तिसरा धोका नवरात्राचा. अंबाबाईच्या गावात राहून नऊ दिवसांचा उपास कुणी सांगून सोडणार नाही, मीही सोडत नाही. पण निर्जळी करत नाही आणि मीठ तोडत नाही. उपासाच्या आधी डॉक्टरांना फोन करते. हाताला बारीक कंप असणं लिथियमवर नेहमीचं आहे. मात्र कंप एकदम ठसठशीत झाला, उलट्या-जुलाब लागले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या किंवा बोलताना जीभ जड झाली तर सराव राहू दे, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि रक्ततपासणी नेहमी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, हे लक्षात ठेवून सकाळच्या सरावाची वेळ ठरवा.

धास्तीसाठी, झोपेसाठी देतात त्या क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी हात मंद होतो आणि तोल जातो. गंमत म्हणजे आपल्याला ते कळत नाही. आपल्याला वाटतं आपण झकास फिरवतोय, बघणाऱ्याला काठी अर्धा क्षण उशिरा येताना दिसते. ओलान्झापिन, क्वेटियापिन घेणाऱ्यांना सकाळी डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटतं. त्यांनी पहाटेच्या तालमीचा हट्ट धरू नये, संध्याकाळी यावं. खालून झटकन उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येत असेल तर बैठका हळू मारा आणि जमिनीवरून उठायचे डाव पुढं ढकला. ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे बहुतेकांच्या ओळखीचं पॅसिटेन, घाम कमी करतं. घाम येत नाही म्हणजे दम वाढलाय असं समजू नका, अंग आतून तापत असतं. अशांनी उन्हात सराव करूच नये. धडधड आणि कंप कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलवर नाडी नेहमीइतकी वाढत नाही, त्यामुळं मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका. सरावात एक अख्खं वाक्य बोलता येतंय का, एवढं बघा.

आणि एक चूक माझी. तिसऱ्या वर्षी शिवजयंतीच्या प्रात्यक्षिकात पहिल्यांदा माझं नाव आलं. चारचौघांत हात थरथरायला नको म्हणून मी गोळ्या बंद केल्या. फक्त चार दिवस, असं ठरवून. तिसऱ्या रात्री झोप उडाली. चौथ्या रात्री दोन वाजता मी गच्चीवर काठी फिरवत होते आणि आयुष्यात इतकी चांगली कधीच फिरवली नव्हती, याची मला खात्री होती. आई जिन्याच्या दारात उभी होती. तिनं आरडाओरडा केला नाही, खाली जाऊन डॉक्टरांना आणि वस्तादांना फोन केला. प्रात्यक्षिक गेलं, त्यामागं दीड महिना गेला. आता हात थरथरतो तसा थरथरू देते. लोक तलवार बघतात, बोटं कोण बघतंय?

वस्तादांना काय सांगायचं

आजाराचं नाव सांगायची सक्ती तुमच्यावर नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आजाराची माहिती खासगी ठेवायचा हक्क दिलाय. पण आजाराचा हातावर, झोपेवर, नजरेवर काय परिणाम होतो हे शिकवणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे. तुमच्यासमोर काठी घेऊन उभ्या राहणाऱ्या पोराचाही त्यात हक्क आहे. सगळ्या तालमीला सांगू नका. एकाला सांगा, आणि तो एक जण हत्यार देणारा असू दे.

सरावाच्या गडबडीत नको. आधी किंवा नंतर, कट्ट्यावर बसून. मी एवढंच म्हणाले होते: "वस्ताद, मी डोक्याच्या गोळ्या घेतो. हात थोडा कापतो. वर्षातनं एखाद्या वेळी झोप उडती, तवा मला हत्यार देऊ नका. हा आईचा नंबर." (बाहेरगावच्या वाचकांसाठी: आमच्याकडं बायकाही "घेतो"च म्हणतात.) त्यांनी आजाराचं नाव विचारलं नाही. विचारलं, "काल झोप लागली का न्हाई?" मी म्हटलं, लागली. "मग घे काठी."

तेव्हापासून दारात मला रामराम मिळत नाही, "झोप?" मिळते.

सगळे असे भेटत नाहीत. त्याआधी मी जिथं गेले होते तिथल्या शिकवणाऱ्यानं पाच-पन्नास पोरांसमोर "असल्यांना हत्यार कसं द्यायचं" असं म्हटलं आणि वर एका देवऋषीचा पत्ता दिला. असं झालं तर वाद घालू नका. या गावात पेठेपेठेत तालीम आहे, पुढच्या दारी जा. मात्र कुणी "आधी महिनाभर नुसतं बघ, मग बघू" म्हणालं तर राग मानू नका. तो नकार नाही. चांगले वस्ताद धडधाकट माणसालाही तेच सांगतात.

तुमच्या घरच्या किंवा भरवशाच्या एका माणसाचा नंबर वस्तादांकडे ठेवा. कायद्यानं आपला नामनिर्देशित प्रतिनिधी लेखी नेमता येतो, म्हणजे आपण ठरवण्याच्या स्थितीत नसलो तर उपचाराबाबत आपल्या बाजूनं बोलणारा माणूस. तो नेमला असेल तर त्याचाच नंबर द्या, दोन ठिकाणी दोन माणसं नकोत.

पहिले सहा महिने तलवार नाही

२०२४ मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला आणि तेव्हापासून येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी पट्टाच मागतो. मिळणार नाही, आणि मिळू नये. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंतच्या खोबणीत जाते, त्यामुळं मनगट वळत नाही. सगळी फेक कोपर आणि खांद्यातून. पातं लांब आणि लवचिक. चुकलं तर ते परत तुमच्याकडंच येतं. हात मंद असलेल्या किंवा नुकताच डोस बदललेल्या माणसानं पट्टा शेवटी धरायचा, दोन-तीन वर्षांनी.

सुरुवात मोकळ्या हातानं पवित्र्यांपासून. पाय कसा टाकायचा, वजन कुठल्या पायावर, वळताना नजर कुठं. मग काठी: एकहाती, दोनहाती, चालत, वळत. मग फरी-गदका, म्हणजे हातात ढाल आणि कातडं चढवलेली छडी. इथं पहिल्यांदा समोर माणूस येतो. त्यानंतर लाकडी तलवार, मग धार नसलेली. वारांची नावं तालमीगणिक बदलतात, त्यामुळं मोबाईलवर बघून पाठ करून येऊ नका. तुमच्या वस्तादांची भाषा शिका.

पवित्रे कंटाळवाणे आहेत, हे कबूल करते. पण माझ्यासारखीला तलवारीपेक्षा त्यांनीच जास्त दिलं. डोक्यात एकच वाक्य गरगरत असतं तेव्हा पाय मोजावे लागतात आणि दोन्ही एकदम जमत नाही. मोजणं सुटलं की पाय चुकतो, पाय चुकला की वस्ताद ओरडतात. काही दिवस मोजणंही जमत नाही, तेव्हा जमत नाही. याला उपचार म्हणू नका. गोळीची जागा काठी घेत नाही.

हजेरी वेगळी, हत्यार वेगळं

बरं वाटत नसलं की आपण जातच नाही. आणि गेलो तर सगळं करायला बघतो. या दोन्हींच्या मध्ये बरीच जागा आहे. मैदानावर पाणी मारा. ढालीच्या दोऱ्या आवळा. लहान पोरांचे आकडे मोजा. हलगी शेकायला मदत करा. हजेरी लागली.

हत्यार कधी घ्यायचं याचे नियम मी डॉक्टरांशी बोलून असे ठरवलेत. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप असेल तर फक्त काठी, तीही एकटीनं, कडेला. औषध किंवा डोस बदलला की आठवडाभर समोर माणूस घ्यायचा नाही. दारूचा थेंब पोटात असेल तर हजेरीही नाही. मरणाचे विचार येत असतील, आवाज ऐकू येत असतील किंवा कुणीतरी आपल्यावर टपलंय असं वाटत असेल तर लाकडी हत्यारसुद्धा नाही. कट्ट्यावर बसून वस्तादांना सांगायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा १४४१६.

नैराश्य असेल तर तासाचा विचार करू नका. जायचं, मारुतीला हात जोडायचे, दहा मिनिटं पवित्रे करायचे, निघायचं. कुणी "एवढ्यात?" म्हटलं तर हसायचं.

उन्माद चढत असेल तर मात्र सगळं उलटं असतं. धोका इथंच मोठा, कारण कुणी अडवत नाही. आपण वेगानं शिकतो, तीन तास थांबतो, सगळे पाठ थोपटतात. खुणा घरच्यांना आधीच सांगून ठेवा. माझ्या अशा: रात्री अकराला वस्तादांना फोन, दोन हत्यारं एकदम शिकायचा हट्ट, आणि "अस्सल जुन्या पोलादाची" तलवार उधारीवर घ्यायचा बेत. तिसरी खूण दिसली की आई माझं एटीएम कार्ड काढून घेते. हे आम्ही दोघींनी बसून ठरवलंय.

सायकोसिसमधून, म्हणजे भास आणि संशयाच्या आजारातून, सावरत असाल तर एकट्याची काठी चालेल, पण जोडीचा खेळ डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबवा. जोडीत समोरच्याचा डाव ओळखायचा असतो. ज्या मनाला नुकतंच प्रत्येकात डाव दिसत होता त्याला तेच काम लगेच देऊ नये.

धास्तीचे झटके येणाऱ्यांना पहिला त्रास छातीचा होतो. धडधड, घाम, धाप; व्यायाम आणि झटका अंगाला सारखेच वाटतात. पहिल्या आठवड्यात धाप लागेपर्यंत जाऊ नका, पायरीपायरीनं वाढवा. धडधड चढली आणि आपोआप उतरली, हे अंगाला पुन्हापुन्हा बघू द्यावं लागतं. हलगी कानाशी सोसत नसेल तर रिंगणाच्या लांबच्या कडेला उभं राहा. आणि मारहाण किंवा तसलं काही सोसलेलं असेल, तर डोक्यावरचा वार येताना अंग गोठू शकतं. जोडीदाराशी "थांब" हा शब्द आधी ठरवा. पवित्रा दुरुस्त करायला हात लावण्याआधी सांगा, असं वस्तादांना मोकळेपणानं म्हणा. बायकांनी तर म्हणावंच.

हत्यार घरी नको

हे मी सगळ्यांना सांगते, आजार असो वा नसो, पण आपल्याला दोनदा. हत्यार तालमीत कुलपात राहू दे. वाईट रात्र येते आणि जाते. ती जाईपर्यंत हाताशी काही असू नये, एवढंच. घरात पूर्वजांची तलवार असेल तर ती नातेवाईकांकडे हलवा, निदान किल्ली दुसऱ्याकडे द्या. खंडेनवमीच्या पूजेला मी काठी आणि गदका घरी आणते. देवीनं अजून तक्रार केलेली नाही.

कायद्याचंही आहे. तलवारीसारख्या हत्यारांना १९५९ चा शस्त्र कायदा लागतो. गाडीवर पाठीला तलवार बांधून फिरणं किंवा वाढदिवसाचा केक तलवारीनं कापून फोटो टाकणं यावर गुन्हे दाखल होतात, आणि आपल्या भागात असे वीर दर महिन्याला पेपरात येतात. आपल्या नावावर दवाखान्याची फाईल असताना पोलीस ठाण्याचीही कशाला? प्रात्यक्षिकाची परवानगी, हत्यारांची ने-आण हे तालमीला करू द्या.

प्रात्यक्षिक आणि प्रवास

वर्षभरानं कधीतरी तुमचं नाव निघेल: शिवजयंती, दसरा, किंवा ६ जूनला रायगडावरचा राज्याभिषेक सोहळा. खेळ पाच मिनिटांचा असतो, घात रात्रीच्या प्रवासानं होतो. रात्रभर गाडीत गाणी, झोप नाही, पहाटे गड, मग ऊन. मी एक दिवस आधी जाते, नाहीतर जात नाही. गोळ्या दोन ठिकाणी ठेवते, माझ्या पिशवीत आणि एका मैत्रिणीकडं. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालायचं असेल तर पाणी, मीठ आणि कोरडे कपडे. पावसात भिजलो म्हणून अंगातलं पाणी कमी होत नाही असं नाही.

डोक्यावर किंवा मानेवर लिंबू ठेवून कापायचा खेळ लोकांना फार आवडतो. तिथं नाही म्हणा. कापायलाही नको, आडवं पडायलाही नको. तिथं पेरू खात बघत बसावं.

खुराकाबद्दल थोडंच. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध प्यायचा मोह मलाही होतो. पण पैलवानाचा खुराक दिवसाला हजार जोर मारणाऱ्यासाठी असतो. ओलान्झापिनवर वजन आधीच चढत असतं. एक पेला पुरे.

पहिल्या दिवशीची पिशवी

दोन लिटर पाणी. पंचा. चिमूटभर मीठ आणि साखर घातलेलं लिंबूपाणी. सैल सलवार किंवा ट्रॅक पँट, ओढणी असेल तर कमरेला घट्ट. अंगठी, बांगड्या, घड्याळ घरी. चष्म्याला मागून दोरी. औषधांची नावं आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, प्लॅस्टिकमध्ये. काठी विकत घेऊ नका, तालमीत असते.

चप्पल बाहेर काढा, मातीला हात लावून कपाळाला लावा, आत या. दारात तुम्हाला कुणी झोप विचारली नाही, तर आपणहून सांगा.